सुनीत थेराचा पत्ता

“हे आंबेडकरांनी कुठून आणले? मूळ बौद्ध ग्रंथांत असे काही नाही.”

एम. ए.च्या तोंडी परीक्षेत बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी माझ्या एका विद्यार्थिनीला हा प्रश्न टाकला आणि त्याचे उत्तरही त्यांनीच देऊन टाकले. तिच्या छोट्या प्रबंधाचा विषय होता, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील हीन मानल्या गेलेल्यांची धम्मदीक्षा. उपाली न्हावी, सुनीत भंगी, सोपाक आणि सुप्पिय हे अस्पृश्य, अशी प्रकरणे बाबासाहेबांनी तेथे ओळीने मांडली आहेत. मुलगी सुनीतावर बोलत होती. तिची आजी नगरपालिकेत झाडूवाली होती, आई आजही त्याच कामावर आहे. त्यामुळे ती जरा जास्तच आपलेपणाने बोलत होती. परीक्षकांचे वाक्य ऐकून ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिलो. भिडेमुळे नव्हे, मलाच ठाऊक नव्हते म्हणून.

मी पहिल्या पिढीचा पदवीधर आहे. आमच्या घरात एकच जाड पुस्तक होते आणि ते हेच. वडील चौथी शिकलेले. वर्षावासाचे तीन महिने ते विहारात कंदिलाच्या आणि पुढे बल्बच्या उजेडात हे पुस्तक मोठ्याने वाचत. सुनीताचे प्रकरण आले की म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत. ‘हे कुठून घेतले’ असे तेथे कुणी विचारले नाही आणि विचारण्याचे कारणही नव्हते. ज्या माणसाने आपल्याला माणूस केले त्याच्याकडे पावती मागायची नसते, ही त्या पिढीची भावना होती, आणि ती मला आजही खोटी वाटत नाही. पण तीच भावना घेऊन विद्यापीठाच्या खोलीत बसता येत नाही. तेथे पावतीच मागतात. आपल्याकडे नसली की समोरच्याला मोकळे रान मिळते.

बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली बाहेर आला. त्यात तळटिपांचा पसारा नाही. सामान्य माणसाने सलग वाचावा असाच तो लिहिला आहे. हिंदी अनुवाद करताना भदन्त आनंद कौसल्यायन यांनी मूळ पाली ग्रंथांतील स्थळे कष्टाने शोधून दिली, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांत फारशी माहीत नाही. परीक्षकांनाही नसावी. मला तर नक्कीच नव्हती. पण आज हे शोधायला भिक्खूची आयुष्यभराची विद्वत्ता लागतेच असे नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एका संगणकावर दोन दुपारी पुरतात. त्या दोन दुपारी आम्ही दोघांनी कशा घालवल्या तेवढे सांगतो, म्हणजे इतरांचा वेळ वाचेल.

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ‘ई-संसाधने’ असे एक दार असते. त्याआड विद्यापीठाने वर्गणी भरलेले कोश असतात. धर्माच्या अभ्यासात मोठा मान मिर्चा एलियादे यांनी संपादित केलेल्या ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ रिलिजन’ला आहे. 1987 साली त्याचे 16 खंड निघाले, 2005 साली लिंडसे जोन्स यांनी केलेली दुसरी आवृत्ती 15 खंडांची. नेदरलँड्समधील ब्रिल या प्रकाशनाचे हिंदू धर्माचे आणि बौद्ध धर्माचे स्वतंत्र विश्वकोश आहेत. बझवेल आणि लोपेझ यांचा ‘प्रिन्स्टन डिक्शनरी ऑफ बुद्धिझम’ 2014 चा, पाच हजारांवर नोंदींचा. तो ऑक्सफर्ड रेफरन्सवर मिळतो. ही सगळी दारे विद्यापीठाच्या आवारातील जोडणीवरून उघडतात. आवाराबाहेर पडलात की तोच दुवा पैसे मागतो. वेस आता दगडाची राहिली नाही एवढेच. 2025 पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेचा गाजावाजा आपण ऐकला. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये आणि सुमारे 13,000 नियतकालिके. चांगलेच आहे. पण ती योजना नियतकालिकांची आहे, कोशांची नाही. कोश घ्यायचा की नाही हे ज्या त्या ग्रंथालयाची समिती ठरवते, आणि त्या समितीत आपला माणूस असलाच तर तो बहुधा चहा आणणारा असतो.

अर्थात आमचे काम या महाग दारांतून झालेच नाही. आम्हाला सुनीत सापडला तो फुकटच्या कोशात.

सिंहली विद्वान जी. पी. मललसेकर यांनी पाली साहित्यातील विशेषनामांचा कोश 1937-38 साली दोन खंडांत काढला. बुद्धाच्या काळातील राजे, भिक्खू, भिक्खुणी, गावे, नद्या, झाडे, जे जे नाव पालीत आले त्याची नोंद त्यात आहे. आता तो जाळ्यावर मोकळा आहे. मुलीने इंग्रजी अक्षरांत ‘सुनीत’ लिहिले. दीर्घ ईवर रेघ हवी की नको यात पाच मिनिटे गेली. (रेघेशिवाय शोधले तर बहुतेक ठिकाणी सापडते; सापडले नाही तर रेघ देऊन बघावे. आपल्या पोरांचा निम्मा उत्साह या रेघांतच आटतो.) नोंद निघाली. राजगृहाचा राहणारा, निर्माल्य आणि केरकचरा उचलणाऱ्यांच्या कुळातला, तथागतांनी रस्त्यात पाहिला, संघात घेतला. नोंदीखाली काही आद्याक्षरे आणि आकडे होते.

विद्यार्थी नेमके हे आकडे सोडून देतात, आणि कोशातील खरा ऐवज तेथेच असतो. नोंद ही कोशकाराने लावलेली पाटी. ती कुठल्या घराकडे बोट दाखवते ते त्या आकड्यांत असते. पाली कोशांत ग्रंथाचे नाव आद्याक्षरांनी देतात. त्या आद्याक्षरांच्या शेवटी ‘ए’ हे इंग्रजी अक्षर जोडलेले असेल तर समजावे की संदर्भ मूळ ग्रंथाचा नाही, त्यावरील अट्ठकथेचा म्हणजे भाष्याचा आहे. सुनीताच्या नोंदीखाली दोन्ही होते. थेरगाथा, गाथा 620 ते 631. आणि थेरगाथेची अट्ठकथा.

थेरगाथा हा तिपिटकाच्या खुद्दकनिकायातील ग्रंथ. भिक्खूंनी स्वतःविषयी म्हटलेल्या गाथा त्यात आहेत. गाथांच्या संख्येप्रमाणे त्याचे भाग पाडले आहेत. बारा-बारा गाथांच्या भागात दुसरे काव्य सुनीताचे. ‘सुत्तसेंट्रल’ या संकेतस्थळावर मूळ पाली आणि इंग्रजी समोरासमोर वाचता येते. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सबंध तिपिटक अट्ठकथांसह जाळ्यावर ठेवले आहे आणि ते नागरी लिपीतही आहे. मराठी वाचणाऱ्याला पाली नागरीत दिसली की निम्मी भीती पळते. मुलीने बोट ठेवून ‘नीच’, ‘कुल’, ‘दलिद्द’ हे शब्द ओळखले. तिने पाली शिकलेली नाही. तरी ती वाचत होती.

त्या गाथांत सुनीत स्वतः बोलतो. आपण नीच कुळात जन्मलो, गरीब होतो, खायला पुरेसे नव्हते, काम हीन होते, लोक किळस करीत आणि आपण खालमानेने पुष्कळांना वंदन करीत असू, असे तो सांगतो. मग मगधाच्या नगरीत शिरणारे तथागत त्याला दिसतात. खांद्यावरची कावड तो खाली ठेवतो आणि वंदनाला जातो. त्याच्यावरील करुणेने तथागत थांबतात. तो प्रव्रज्या मागतो, ते त्याला ‘ये’ म्हणतात. तीच त्याची उपसंपदा.

मूळ ग्रंथात असे काही नाही म्हणे!

त्या क्षणी उठून परीक्षकांना फोन करावा असे मला वाटले. मुलगी मात्र थांबायला तयार नव्हती. तिला कावड खटकली होती. बाबासाहेबांच्या पानावर सुनीत लपायला जागा शोधतो, कावड भिंतीच्या कोपऱ्यात ठेवतो आणि भिंतीला चिकटून हात जोडून उभा राहतो. गाथांत भिंत नाही. “सर, मग भिंत कुठली?” आईला रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभे राहिलेली तिने पाहिलेले असणार, म्हणून तो प्रश्न तिलाच सुचला.

भिंत अट्ठकथेत सापडली. धम्मपालाचे हे भाष्य पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे बुद्धानंतर जवळजवळ हजार वर्षांनी लिहिलेले. त्यातील कथा सी. ए. एफ. र्‍हीस डेव्हिड्स बाईंनी थेरगाथेच्या 1913 सालच्या इंग्रजी भाषांतरात घेतल्या. ते पुस्तक ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर पानन् पान पाहायला मिळते. बाईंचे पान आणि बाबासाहेबांचे पान शेजारी शेजारी उघडले की वाक्यांची ठेवणसुद्धा जुळताना दिसते. लिहिताना बाबासाहेबांच्या टेबलावर ते भाषांतर उघडे असले पाहिजे, असे माझे मत झाले आहे.

पण अट्ठकथेने आम्हाला भिंत दिली तशी आणखी एक गोष्ट दिली, आणि ती आम्ही मागितली नव्हती. सुनीत या कुळात का जन्मला याचे कारण तेथे सांगितले आहे. पूर्वजन्मी त्याने एका प्रत्येकबुद्धाचा अपमान केला, त्याच्या भिक्षेवर वाईट बोलला, त्याचे फळ म्हणून हा जन्म.

मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे सर, माझ्या आज्जीनं पण मागच्या जन्मी कुणाला तरी शिवी दिली असणार.”

धर्मकोशाशी आपला खरा सामना येथे सुरू होतो. कोशकार मुद्दाम खोटे लिहीत नाही. ग्रंथात आहे ते तो टिपतो. पण मूळ गाथा आणि हजार वर्षांनंतरचे भाष्य एकाच नोंदीत एकाखाली एक ठेवले की दोन्ही सारख्याच वजनाची माहिती होते, आणि एखाद्या मुलीला आपल्या आजीच्या झाडूचा जमाखर्च विद्वानांच्या सहीने मिळतो. ते दोन थर वेगळे करणे हे वाचणाऱ्याचे काम आहे. आम्ही ते केले. गाथा पुन्हा वाचल्या, बाराच्या बारा. त्यांत पूर्वजन्मीच्या अपराधाची गोष्ट नाही. सुनीत आपले कूळ सांगतो, दारिद्र्य सांगतो, लोकांची किळस सांगतो. कारण सांगत नाही. कारण नंतरच्यांनी पुरवले.

मग आम्ही बाबासाहेबांचे पान तिसऱ्यांदा वाचले. अट्ठकथेतील पहाट आहे, केराचे ढीग आहेत, भिंत आहे. पूर्वजन्म नाही. गाथांत पुढे इंद्र आणि ब्रह्मा येऊन सुनीतापुढे हात जोडतात, तेही नाहीत. संयमाने आणि दमनाने माणूस काय होतो हे तथागत सांगतात तेथे मूळ पालीत ‘ब्राह्मण’ हा शब्द आहे. बाबासाहेबांच्या पानावर त्या जागी ‘पवित्र’ अशा अर्थाचा शब्द आहे. त्यांनी काय घेतले आणि काय टाकले हे दोन दुपारींत आमच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. पूर्वकर्माने विषमतेचे समर्थन होऊ द्यायचे नाही ही त्यांची भूमिका आपण भाषणांतून शंभरदा ऐकतो. ती एका पानावर कात्रीसारखी चालताना मी प्रथमच पाहिली. ‘आंबेडकरांनी रचले’ या आक्षेपाला आता माझे उत्तर असे की त्यांनी रचले नाही, निवडले. आणि कशातून निवडले ते आम्ही दाखवू शकतो. ज्यांना ही निवड मान्य नसेल त्यांनी निवडीवर वाद घालावा. तो वाद बरोबरीचा होईल.

त्याच दुपारी एक शब्द आम्हाला आणखी पुढे घेऊन गेला. सुनीत स्वतःला ‘पुप्फछड्डक’ म्हणतो, म्हणजे वाळलेली फुले टाकणारा. पाली टेक्स्ट सोसायटीचा 1921 ते 1925 या काळात निघालेला शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. त्यात हा शब्द पाहिला तर अर्थ फुलांवरून केराकडे आणि केरावरून मैल्याकडे सरकत जातो. नाव फुलाचे, काम मैल्याचे. शब्दाखाली विनयपिटकाचा संदर्भ होता. तो उघडला तर निघाला भिक्खूंसाठीचा नियम: दुसऱ्या भिक्खूला जातीवरून, नावावरून, कामावरून हिणवणारा भिक्खू दोषी ठरतो. हिणवण्याच्या जातींत चांडाल आणि पुक्कुस, हिणवण्याच्या कामांत पुप्फछड्डकाचे काम, अशी यादीच आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्याच्या किती शतके आधी एका संघाला जातिवाचक शिवी हा गुन्हा म्हणून लिहून ठेवावा लागला! पण हुरळून जाऊ नये. लिहून ठेवावा लागला याचा अर्थ संघातही शिव्या दिल्या जात होत्या. आणि नियम शिवी थांबवतो; ती जात आणि ते काम हीन आहे हे शब्द मात्र यादीत तसेच राहतात.

आता थोडे शोधण्याविषयी. कोशात आपण कोणत्या नावाने आहोत हे ठाऊक नसेल तर आपण तेथे नाहीच असे वाटते. एकाच समाजासाठी ‘महार’, ‘अनटचेबल्स’, ‘डिप्रेस्ड क्लासेस’, ‘शेड्यूल्ड कास्ट्स’, ‘हरिजन’, ‘दलित’, ‘निओ-बुद्धिस्ट’, ‘नवयान’ अशा सगळ्या नावांनी शोधावे लागते, आणि प्रत्येक नाव वेगळ्या काळात, वेगळ्या माणसाने दिलेले आहे. 1930 च्या आसपासचे साहित्य ‘दलित’ या इंग्रजी शब्दाखाली धुंडाळणारा रिकाम्या हाताने परत येतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीतही पूर्वी ‘अनटचेबल्स’ हे शीर्षक होते, आता ‘दलित्स’ आहे. ड्युईच्या वर्गीकरणात बौद्ध धर्म 294.3, हिंदू धर्म 294.5. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ धर्माच्या फडताळात जाते आणि ‘जातिनिर्मूलन’ 305 मध्ये, समाजशास्त्रात. एका पुस्तकातला प्रश्न आणि दुसऱ्यातले उत्तर यांच्यामध्ये ग्रंथालयाचा अख्खा मजला येतो.

दुसरे, नोंद कुणी आणि केव्हा लिहिली ते आधी पाहावे. जेम्स हेस्टिंग्ज यांचा ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ रिलिजन अँड एथिक्स’ 1908 ते 1926 या काळात निघाला. तो आता फुकट मिळतो, म्हणून विद्यार्थी आधी तोच उघडतात. त्यातला जातीवरचा लेख ई. ए. गेट यांचा, आणि हे गृहस्थ 1911 च्या खानेसुमारीचे आयुक्त. माणसांची शिरगणती करणाऱ्याला जात जशी दिसते तशी ती त्या लेखात आहे. फुकट ते जुने आणि नवे ते महाग, हा या सगळ्या व्यवहारातला पेच आहे, आणि गरीब विद्यार्थ्याच्या वाट्याला नेहमी शंभर वर्षांपूर्वीचे ज्ञान येते. त्यातल्या त्यात एक पळवाट सांगतो. एलियादे-जोन्स यांच्या ज्या कोशासाठी विद्यापीठे पैसे मोजतात, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतील नोंदी ‘एन्सायक्लोपीडिया डॉट कॉम’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यात बाबासाहेबांवरही नोंद आहे.

मराठीत काय आहे? केतकरांचा ज्ञानकोश 1920 च्या दशकातला, 23 खंडांचा. त्याच्या प्रस्तावना खंडांतील दोन खंडांची नावेच ‘बुद्धपूर्व जग’ आणि ‘बुद्धोत्तर जग’ अशी आहेत. मराठी विश्वकोशाचे 20 खंड आहेत. हे दोन्ही जाळ्यावर मोकळे आहेत आणि खेड्यातल्या मोबाइलवरही उघडतात. धर्मानंद कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात तर जातिभेदावर स्वतंत्र प्रकरण आहे, तेही पाली आधारांसह. मग आपल्या वाचनालयांतून ते का दिसत नाही, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते, त्यांपैकी 65 लाख महाराष्ट्रात. एवढ्या मोठ्या समाजाजवळ आपल्या मूळ ग्रंथाची स्थळे ओळीने दाखवणारा एक सुटसुटीत मराठी कोश असायला हरकत नव्हती. इंग्रजी कोशांवर राग काढताना हेही बोलले पाहिजे.

निकालावर या सगळ्याचा परिणाम झाला नाही. गुण लागून गेले होते. मुलीने प्रबंधाचे सुनीतावरील प्रकरण मात्र नव्याने लिहिले. त्यात चार रकाने आहेत: गाथा, अट्ठकथा, 1913 चे भाषांतर, बाबासाहेबांचे पान. पूर्वजन्माची गोष्ट गाळावी का, असे तिने मला विचारले होते. मी म्हटले, ठेव. तिने ती दुसऱ्या रकान्यात ठेवली आणि शेवटच्या रकान्यात त्या ओळीसमोरची जागा कोरी सोडली.

सोपाकाचे काम बाकी आहे. मललसेकरांच्या कोशात त्या नावाचे दोन थेर आहेत आणि थेरगाथेत दोघांच्याही गाथा आहेत. बाबासाहेबांचा सोपाक यांतला कोणता हे पाहायला यंदाच्या वर्गातली दोन मुले शनिवारी विद्यापीठात येणार आहेत. ओळखपत्र विसरू नका, असे त्यांना सांगितले आहे.